सासूबाईंना अल्झायमर, व्हिटॅमिन डी ११ आलंय, रोज द्यावं का?

गव्हाची_खीर: सासूबाई ७८ च्या, अल्झायमर आहे, त्याची डोनेपेझिल गोळी चालू. परवा रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११, रिपोर्टवर २० च्या खाली डेफिशियन्सी असं लिहिलंय. डॉक्टरांनी डीचं ६० हजार युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, असं आठ आठवडे दिलंय. आता नणंदबाई म्हणतात नेटवर वाचलंय की डी वाढलं की विसरणं कमी होतं, मग रोज एक दे ना, लवकर भरून निघेल. आणि आमचे हे म्हणतात आई रोज बाल्कनीत उन्हात बसते तरी कमी कसं?? कोणाला अनुभव?

पेठेतला_पक्या: बाल्कनीला स्लायडिंग काचा लावल्यात का? काचेतून ऊब येते पण डी बनवणारे किरण येत नाहीत. सकाळी सातचं कोवळं ऊन म्हणाल तर त्यातही ते जवळपास नसतात, दहानंतरचं ऊन लागतं. त्यात अंगभर साडी, आणि या वयात कातडीच डी कमी बनवते. घरात बसून असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं कमी येणं यात नवल काहीच नाही.

निशिगंध: नणंदबाईंनी वाचलं ते अर्धंच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सोळाशेवर ज्येष्ठांचा अभ्यास आला होता, ज्यांचं डी फार कमी त्यांना पुढे अल्झायमर होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. पण विसरायला लागलेला माणूस घराबाहेर पडत नाही, नीट जेवत नाही, मग डी कमी होणारच, म्हणजे आधी काय नि नंतर काय कोण सांगणार. नंतर व्हायटल नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये काही हजार ज्येष्ठांना रोज २००० युनिट देऊन स्मरणशक्ती तपासली, खोट्या गोळीवाल्यांपेक्षा काही फरक पडला नाही. अर्थात ते लोक अल्झायमरचे पेशंट नव्हते. तरी डी द्याच, हाडांसाठी द्या. या पेशंटचा तोल जातो, रात्री उठून चालतात, आणि खुबा मोडला की सगळंच बसतं.

काकूबाई_ठाणे: रोज अजिबात देऊ नका हो!! हे शरीरात साठून राहतं, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मग बद्धकोष्ठ, तहान, उलट्या आणि गोंधळलेपणा. आणि अल्झायमरच्या माणसाचा गोंधळ वाढला तर घरच्यांना वाटतं आजारच वाढला, औषधाकडे कोण बघतंय. आमच्या आईकडे ब्युरोची मावशी होती, आई तिला रोज म्हणायची मला औषध दिलंच नाहीस, आणि ती बिचारी परत द्यायला निघायची. शेवटी मी पाकिटं कपाटात कुलपात ठेवली, रविवारी द्यायचं आणि रिकामं पाकीट कालनिर्णयवर त्या चौकोनात स्टेपल करायचं. जेवणानंतर दुधातून द्या, तूप-दुधाबरोबर जास्त चांगलं शोषलं जातं. कोर्स संपल्यावर डी आणि कॅल्शियम परत तपासा, मुतखड्याचा त्रास असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांगा.

गव्हाची_खीर: काचा आहेतच, गेल्या पावसाळ्यात लावल्या 🙈 कालनिर्णयची आयडिया भारी. नणंदबाईंना हाच धागा पाठवते, माझं ऐकणार नाहीत.

निशिगंध: बी१२ आणि थायरॉइड झालंय का? त्यांच्यामुळेही विसराळूपणा वाढतो आणि ते औषधाने सुधारू शकतं.

गव्हाची_खीर: थायरॉइड नॉर्मल. बी१२ रिपोर्टमध्ये दिसतच नाहीये. त्या शाकाहारी आहेत आणि शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू.

निशिगंध: मग पुढच्या वेळेची वाट बघू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून करून घ्या. मेटफॉर्मिननेही बी१२ कमी होतं.