इटालियन कंपनीला पुण्यात सबसिडियरी (उपकंपनी) काढायचीय, सल्ला कुणाचा घ्यावा आणि मी डायरेक्टर होऊ का?

पॅकिंगवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. बोलोन्याजवळची एक पॅकेजिंग मशीनची कंपनी आहे, तिचं भारतातलं काम मी बघतो, एजंट म्हणून, ऑर्डर आली की कमिशन. आता फार्मावाले आणि फरसाणवाले दोन्हीकडून मागणी वाढलीय म्हणून त्यांना इथे स्वतःची कंपनी काढायचीय, आधी स्पेअर आणि सर्व्हिस, मग चाकण किंवा तळेगावला असेंब्ली. एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मने मार्केट एन्ट्रीचं कोटेशन दिलं ते बघून मालक हादरलेत, आणि माझ्या ओळखीचा सीए म्हणतो कशाला एवढं, पंधरा दिवसात कंपनी काढून देतो. मालक म्हणतात लायझन ऑफिसने (नुसत्या संपर्काच्या ऑफिसने) सुरुवात करू, आणि डायरेक्टर तूच हो. बायको नको म्हणतेय. काय करावं?

सीएस_कोथरूड:
दादा, डायरेक्टरचं आधी बोलतो कारण माणसं तिथेच अडकतात. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर लागतात आणि त्यातला एक तरी आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा, म्हणून सगळे इथल्या माणसाकडे बघतात, यात गैर काही नाही. पण पीएफ थकला, जीएसटी राहिला, की दारात येणारा माणूस तुमच्या दारात येतो, बोलोन्याला जात नाही. सलग तीन वर्षं कंपनीचे वार्षिक रिटर्न गेले नाहीत तर डायरेक्टर पाच वर्षं अपात्र ठरतो, २०१७ साली असे लाखो लोक एकदम अपात्र झाले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण कुठल्या कंपनीवर आहोत हेही नीट माहीत नव्हतं. वहिनी काळजी करतायत ती रास्त आहे. व्हायचंच असेल तर बँकेचे व्यवहार तुम्हाला दिसले पाहिजेत, मूळ कंपनीकडून नुकसानभरपाईची लेखी हमी घ्या आणि डायरेक्टरचा विमा कंपनीच्या खर्चाने काढायला लावा. नुसतं नाव द्यायचं आणि सह्या तिकडे, असं असेल तर सरळ नाही म्हणा.

लायझन ऑफिस तुमच्या कामाचं नाही. त्याला इथे एक रुपया कमवता येत नाही, स्पेअर विकणं सोडाच, सर्व्हिसचं बिलही काढता येणार नाही. मशीन उत्पादनात १०० टक्के परकीय गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटने येते, सरकारची आधी परवानगी लागत नाही, मग थेट कंपनीच काढा ना.

हिशोबनीस_सीए:
वरच्या सरांशी सहमत. पंधरा दिवसात कंपनी निघेलही हो, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. भांडवल बँकेतून रीतसर आलं पाहिजे, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे, दिल्यापासून ३० दिवसांत आरबीआयकडे एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचा फॉर्म) भरायचा, आणि कंपनी निघाल्यापासून १८० दिवसांच्या आत धंदा सुरू करण्याचं डिक्लरेशन, ते दिल्याशिवाय धंदा सुरूच करता येत नाही. मी बघितलेल्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथे होतो की परदेशी कंपनी घाईघाईत शेडचं डिपॉझिट, मशीनचे पैसे परस्पर देऊन मोकळी होते आणि मग ते भांडवल होतं की कर्ज हे कागदावर बसवताना नाकी नऊ येतात.

आणि एक महत्त्वाचं, सध्या ऑर्डर फायनल कोण करतं? किंमत तुम्हीच ठरवत असाल आणि त्यांच्या नावाने करारही करत असाल तर आयकर खातं म्हणू शकतं की इटलीच्या कंपनीचं भारतात कायमस्वरूपी आस्थापन, म्हणजे इथे कर लागेल असं धंद्याचं अस्तित्व, आहेच, आणि मग इथल्या नफ्यावर परदेशी कंपनीचा ३५ टक्के दर अधिक सरचार्ज आणि सेस. इथली कंपनी २२ टक्क्यांचा पर्याय घेऊ शकते, सगळं धरून २५.१७ पडतो. हा जुना एजन्सी करार आधी कुणाला तरी नीट वाचायला द्या. पुढे आई आणि लेक कंपनीत स्पेअरची किंमत काय लावायची त्याचा ट्रान्सफर प्रायसिंग रिपोर्ट दरवर्षी लागेल. हे दोन विषय जाणणारा सीए हवा, तुमच्या ओळखीचे करत असतील तर उत्तमच, पण विचारून घ्या.

मिलानकर:
मी इकडेच असते म्हणून इटलीच्या बाजूचं सांगते. बोर्डाचा ठराव, कंपनीचे कागद सगळे इटालियनमध्ये असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर, नोटरी आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का), हे सगळं इकडे करावं लागतं. नोटरीच्या कागदावर अपोस्टिल इथल्या सरकारी वकिलाच्या कार्यालयातून म्हणजे प्रोक्युरातून मिळतं. ऑगस्टच्या मध्यात अर्धी इटली बंद असते, त्यामुळे जुलैतच उरकून घ्या. आणि कोटेशनने हादरले असतील तर इंडो-इटालियन चेंबरशी बोलायला सांगा, मुंबईत आहे, त्यांना दोन्हीकडची पद्धत माहीत असते आणि मालकाला स्वतःच्या भाषेत कुणीतरी समजावून सांगितलं की विश्वास बसतो.

शेडवाला_चाकण:
शेड भाड्याने घेताना एवढं बघा भाऊ, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर मूळ प्लॉटधारकाने पोटभाड्याची परवानगी एमआयडीसीकडून घेतलीय का. तोंडी "होऊन जाईल" म्हणणारे फार भेटतील. बाहेरची गट नंबरची जागा असेल तर एनए (बिनशेती) आहे का ते आणि ट्रक वळायला रस्ता.

पॅकिंगवाला_भोसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ऑर्डरवर सही त्यांची असते पण भाव बऱ्याचदा मीच ठरवतो, म्हणजे हिशोबनीस सर म्हणतात तो मुद्दा मला लागू होतो बहुतेक. मालकांना कळवतो की आधी करार तपासू आणि कंपनीची सेक्रेटरियल कामं, टॅक्स आणि जागा यांची कोटेशनं वेगवेगळी मागवू. ती नुकसानभरपाईची हमी मूळ कंपनीच्या बोर्डाच्या ठरावाने घ्यायची की मालकाच्या सहीचं पत्र चालतं?

सीएस_कोथरूड:
नुसता ठराव किंवा पत्र नको, बोर्डाच्या ठरावाने मंजूर झालेला कंपनीच्या नावाचा लेखी करार घ्या. मालक बदलला तरी तो कंपनीवर बंधनकारक राहतो.