हौशी माणसासाठी स्नोमोबाईल : किती घोडे पुरे?

कुडकुडे
मिनियापोलिसजवळ राहून आठ हिवाळे झाले. आता घरात कोंडून घ्यायचा कंटाळा आलाय. मित्राची केबिन निस्वाजवळ आहे, पॉल बनियन ट्रेल, म्हणजे हिवाळ्यात स्नोमोबाईल चालवायची वाट, तिथून हाकेच्या अंतरावर. यंदा सेकंडहँड का होईना, एक स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर, घ्यायचं ठरवलंय.
अनुभव म्हणाल तर सोलांगला स्नो स्कूटरवर मागे बसून मारलेली एक चक्कर, आणि मित्राची स्लेड (इथे स्नोमोबाईलला असंच म्हणतात) दोनदा चालवली तेवढंच. हिवाळ्यात आठ-दहा फेऱ्या होतील. मागे बायको, कधी तेरा वर्षांची लेक. शर्यत नाही, डोंगर नाही. बजेट ट्रेलर धरून नऊ हजार डॉलर. दुकानदार जुनी ८५० सीसीची गळ्यात मारतोय, म्हणतो लहान घेतलीत तर पुढच्या वर्षी बदलायला याल. जाणकारांनी सांगा.

उत्तरध्रुव
दुकानदार पुढच्या वर्षीही येणारच आहे, तुमच्याकडून विकत घ्यायला. ८५० टू-स्ट्रोक म्हणजे १६५ एचपी. मिनेसोटात सार्वजनिक ट्रेलवर आणि तळ्यांवर वेगमर्यादा ताशी ५० मैल. मग एवढे घोडे पोसून करणार काय? थ्रॉटल अंगठ्याने दाबायची असते, गारठलेला अंगठा जरा जास्त दाबला गेला की मागची माणसं बर्फात.
स्की-डू कंपनीचं ६०० इएफआय इंजिन बघा, टू-स्ट्रोकच, पण ८५ एचपी. दोघांना घेऊन आरामात चालतं. मी इंजिनापेक्षा ट्रॅकची, म्हणजे खाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याची, लांबी आधी बघतो. १२० किंवा १२९ इंची ट्रॅक पटकन वळतो, पण ट्रेलवरच्या खड्ड्यांत पाठीचा खुळखुळा होतो. १३७ इंची त्या खड्ड्यांवरून सरळ निघून जातो. तुम्हाला तोच. ट्रॅकवरचे रबरी दात सव्वा इंच उंच असले तरी ट्रेलला पुरे. अडीच-तीन इंची दातांची १५४, १६५ इंची स्लेड स्वस्तात दिसली तर हुरळून जाऊ नका. ती रॉकीजमधल्या भुसभुशीत बर्फासाठी असते, कडक ट्रेलवर ते दात तुटतात.
आणि सीट दोघांचीच हवी, कारखान्यातून आलेली. एकट्याच्या सीटवर बायकोला चिकटवून बसवलंत तर ती पहिली आणि शेवटची फेरी. मागे पाठ टेकायला आधार आणि गरम मुठी असतील तर पुढच्या शनिवारी तीच म्हणेल, चला.

थंडीची_आवड
उत्तरध्रुव म्हणतात ते बरोबर, फक्त टू-स्ट्रोकबद्दल माझं दुमत. आरएक्स-१०० आणि बुलेटमध्ये जो फरक, तोच इथे. टू-स्ट्रोक हलकी, उडी घेणारी, पण धूर आणि वास. आमची पहिली तशी होती, कपाटातल्या जॅकेटांना मे महिन्यापर्यंत वास यायचा. शिवाय ऑइलची टाकी वेगळी भरत राहा. आता स्की-डूचीच, रोटॅक्स ९०० एस (ACE) इंजिनाची फोर-स्ट्रोक आहे. आवाज कमी, पेट्रोल कमी, लेक मागे बसून बोललेलं थोडंफार ऐकू येतं. ६०० एस त्याहून स्वस्त आणि साधी, पण साठेक एचपीच, दोन मोठी माणसं आणि चढ असला की दमते.

उत्तरध्रुव
मान्य. पण दोघांची फोर-स्ट्रोक अडीचशे किलोच्या आसपास जाते, कधी वरही. तळ्यावर वरून पांढरंशुभ्र दिसतं आणि खाली चिखलासारखा पाणीबर्फ असतो. तिथे रुतली की उचलणार कोण? लेक? मी एकदा दोन तास बसलोय तसा. ट्रेल सोडून जाणार नसाल तर फोर-स्ट्रोक घ्या, माझी हरकत नाही.

भंगारप्रेमी
सेकंडहँड बघताय म्हणून लिहितो. जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा, "मी येईपर्यंत चालू करू नका." पोचल्यावर गप्पा मारता मारता इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. गार असलं पाहिजे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या फटक्यात उठतं का, तेच तर बघायचंय.
टू-स्ट्रोक असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत, एक बराच खाली असेल तर नमस्कार करून निघा. मागचा भाग उचलून ट्रॅक हाताने फिरवा, चाकांची बेअरिंग खरखर करत असतील तर कळतं. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो त्या झिजल्यात का पाहा. पुढच्या दोन स्की नीट समांतर नसतील तर कधीतरी झाडाला भेटून आलेली आहे. इंजिनाचा जोर ट्रॅककडे नेणारा बेल्ट जुना असला तरी चालेल, तसाही एक जास्तीचा जवळ ठेवायचाच असतो.
इलेक्ट्रिक स्टार्ट आणि रिव्हर्स यात तडजोड नको. उणे वीसमध्ये दोरी ओढून बघा म्हणजे कळेल. टू-स्ट्रोकच्या रिव्हर्सला बऱ्याच मॉडेलांत वेगळा गिअर नसतोच, बटण दाबलं की इंजिन उलटं फिरायला लागतं. मजेशीर प्रकार.
हो, आइस स्क्रॅचर आहेत का बघा. ट्रॅकच्या बाजूला लोंबणाऱ्या तारेच्या नांग्या. बहुतेक लिक्विड-कूल्ड इंजिनं ट्रॅकने उडवलेल्या बर्फानेच थंड होतात. ट्रेल काचेसारखी कडक असली की बर्फ उडत नाही, इंजिन तापतं. या नांग्या बर्फ खरवडून वर उडवतात.

घरकोंबडा
यामाहा बरी का? ऐकलंय टिकते.

भंगारप्रेमी
टिकते. पण त्यांनी धंदा आवरलाय, उत्तर अमेरिकेसाठी २०२५ हे शेवटचं मॉडेल वर्ष. जवळ जुना मेकॅनिक असेल तर स्वस्तात मिळालेली सोडू नका. नसेल तर स्की-डू किंवा पोलारिस. पोलारिस तर आपल्याच मिनेसोटातल्या रोझो गावची, तिकडे १९५४ पासून आहेत.

थंडीची_आवड
एक राहिलंच. कुडकुडे, तुमचा जन्म ३१ डिसेंबर १९७६ नंतरचा असेल तर मिनेसोटात सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, बायको चालवणार असेल तर तिलाही. ऑनलाइन कोर्स होतो. आणि तळ्यावर जाण्याआधी बर्फ किती जाड आहे ते मोजा, नवा स्वच्छ बर्फ निदान सहा-सात इंच. शेजारी गेला म्हणून आपणही जायचं नाही.

घरकोंबडा
आधी भाड्याने घ्या हो. २०२३-२४ चा हिवाळा आठवतोय ना? बर्फच पडला नाही. आमच्या शेजाऱ्याची नवीकोरी स्लेड ट्रेलरवरून खाली उतरली नाही, विम्याचा हप्ता मात्र वेळेवर गेला.

कुडकुडे
सर्वांचे आभार. काल एक ६०० बघून आलो, १३७ इंची, दोघांची सीट, फोटोत झकास. आधी फोन करून चालू करू नका म्हणून सांगितलं होतं. झाकणावर हात ठेवला तर कोमट. विचारलं, तर म्हणे उन्हात उभी होती. बाहेर उणे अकरा, आभाळ भरलेलं.
परत आलो. या शनिवारी भाड्याने एक टू-स्ट्रोक, पुढच्या शनिवारी फोर-स्ट्रोक. मागे बसणारी ठरवेल.