अर्ध्या रस्त्यात बंद पडणारी जुनी स्प्लेंडर: नवा कार्बोरेटर टाकू का?

सक्करदराकर: बाबांची २००२ ची स्प्लेंडर. सकाळी चोक ओढला की एका किकमध्ये सुरू. हिंगणा एमआयडीसीत ड्युटीला जाताना प्रतापनगर आलं की पिकअप जातो अन् गाडी बंद. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा चालू! कार्बोरेटर साफ केला, प्लग नवा टाकला. मेकॅनिक आता नवा कार्बोरेटर टाका म्हणतो. गाडी विकायची नाही, बाबांची आहे.

बर्डीवाला: मे महिना आहे भाऊ, पारा ४५ वर. पेट्रोलची नळी सिलिंडर हेडला टेकते का पाहा. तिच्यात वाफ धरली की पेट्रोल अडतं.

जुनं इंजिन: नळी पाहाच, पण कार्बोरेटर आत्ताच घेऊ नका. आधी सांगा, झटके देत बंद पडते की स्विच बंद केल्यासारखी एकदम? एकदम जात असेल तर प्लगला ठिणगी पुरवणारे कॉइल, सीडीआय तपासा, गरम झाल्यावर ते दगा देतात. झटके देत असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

बंद पडताच टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, इंजिन निवू द्या. मग फ्लोट बाउल, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी, तिच्याखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. जवळपास बिडी-सिगारेट नको. बाउल भरलेला असेल तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, पाहू. कोरडा निघाला तर अडचण वरती आहे. मग टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा शिरत नाही, म्हणून धार तुटते. उभ्या गाडीत हवा हळूहळू शिरते, म्हणून ती पुन्हा चालू होते.

सक्करदराकर: हाव भाऊ, झटके देतच जाते. बाउलमध्ये जेमतेम दोन थेंब. फुस्स आवाजही आला. पण झाकण उघडं ठेवूनही नळीतून धार बारीकच, रिझर्व्हवर तर त्याहून बारीक.

जुनं इंजिन: म्हणजे दोन दुखणी आहेत. झाकण रॉकेलमध्ये भिजवून भोकातून हवा मारा. टाकी रिकामी करून कॉक काढा, आतली जाळी गंजाच्या गाळानं भरली असेल. रिझर्व्ह टाकीच्या तळातून ओढतं, गाळ तिथंच बसतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेही तळाशीच साचतं. टाकी खळखळून धुवा. कॉकचं वायसर आणि नळी नवीनच टाका, जुनं रबर इथेनॉलनं फुगतं. जेटमध्ये मात्र तार घालू देऊ नका. भोक किंचितही मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते, आणि मग खरंच नवा जेट घ्यावा लागतो.