नखराळी ढाणीला जावं का? मदत हवी आहे

मंडळी, पुण्याहून आत्या-काका चार दिवस इंदूरला येताहेत. मुलांनी इंदूरजवळच्या राऊच्या नखराळी ढाणीचा हट्ट धरलाय. राजस्थानी खेड्याचा थाट, उंटाची सवारी, कठपुतळी, त्यात पोरं रमतील. पण तिकिटातच जेवण धरलेलं असतं, आणि काकांचं जेवण म्हणजे दोन फुलके नि वरण! त्यांचे पैसे वसूल होतील का? आत्याचे गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही. टेबल-खुर्ची मिळते का? शिवाय तिथल्या जेवणातली बाटी काय, आपल्याकडे आधी उकडून मग भाजलेला बाफला घरीही होतोच. त्यापेक्षा रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) खाऊ घालावं असं मला वाटतं. नुकतंच कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर सांगा ना.