मदत हवी आहे : आयसीयूतल्या भाच्याचं पाणी आणि मीठ

नमस्कार, इंदूरहून लिहितेय. बहिणीचा मुलगा, चार वर्षांचा, वजन १४ किलो, न्यूमोनियामुळे परवापासून आयसीयूत. रक्तातलं सोडियम (म्हणजे मीठ) १२८ आलं. १३५ तरी हवं. वजनाच्या हिशोबाने दिवसाला १२०० मिली पाणी बसतं, पण डॉक्टरांनी ८०० वर आणलंय. म्हणाले, मीठ कमी पडलेलं नाही, या आजारात शरीर पाणीच धरून ठेवतं. पटलं. लघवी किती झाली ते कळायला नर्स डायपरसुद्धा काट्यावर तोलते. पण पोरगं ‘मावशी, पाणी’ म्हणतं, ओल्या कापसाने ओठ पुसून कितीसं भागणार? त्यात रामबागेतून आई शहाळं पाठवायच्या तयारीत; त्यात तर सोडियम कमी, पोटॅशियमच जास्त!

हे ८०० मिली सलाइन, औषधं, दूध सगळं धरून असतं का? सोडियम दिवसातून किती वेळा तपासतात? कुणी यातून गेलं असेल तर सांगा, उद्या राउंडला विचारायचंय.