दहा फुटांत गुलमोहर नको

अंगणात कोणतं झाड लावू असं विचारलंय, आणि घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यात जेमतेम दहा फूट जागा आहे म्हणताय, तर तुम्हाला कुणीतरी सुचवलेला गुलमोहर डोक्यातून काढून टाका. दिसतो देखणा, पण मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ. आमच्या गुलमोहराची फांदी वळवाच्या पावसात शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडली. आरसा गेला, सीट फाटली आणि पुढचे दोन महिने आमचं चहाला बोलावणं बंद! शेवगाही सुचवलाय. शेंगा भरपूर मिळतील, पण पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे झुबके बसतात ते आधी बघून या.

मी तुमच्या जागी असतो तर पारिजातक लावला असता. पंधरा-वीस फुटांच्या वर सहसा जात नाही, बहर संपल्यावर छाटला तरी चालतो. पानं काचपेपरसारखी खरखरीत, पण सकाळी दार उघडलं की फरशीवर केशरी देठांचा सडा. आमची आई आदल्या रात्री खाली जुनी सुती साडी अंथरून ठेवायची, म्हणजे फुलांना माती लागत नाही. कोपऱ्यात मोकळी जागा असेल तर तामण. आपलं राज्यफूल आहे, पण नर्सरीत मागायला फारसं कुणी जात नाही.

एक लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या १९७५च्या झाडं जपण्याच्या कायद्यामुळे शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि खड्डा खणण्याआधी वरून विजेची तार जाते का, तेवढं बघा.