मदत हवी आहे: पावसाळ्यात खताच्या टाकीत सुका माल कोणता घालावा?

कोकणातल्या एका लहान नगरपंचायतीच्या हद्दीत आम्ही काही रहिवासी मिळून बाजारातला भाजीचा कचरा आणि देवळातलं निर्माल्य यांचं खत करतो. चिऱ्यांच्या चार जाळीदार टाक्या, मीटरभर उंच, वर पत्रा. रोज 30-35 किलो माल येतो. वर्गीकरणाची अडचण नाही, हारांचे नायलॉनचे दोरेसुद्धा आधीच काढतो (सगळ्यात कंटाळवाणं काम तेच!).

उन्हाळ्यात पातेरा (झाडांचा गळलेला वाळका पाला) भरपूर, तेव्हा सगळं सुरळीत चालतं. आता पातेरा भिजलेला, मालाचा लगदा होतो, तळातून काळं पाणी येतं आणि आंबूस वास सुटतो. शेजाऱ्यांची तक्रार रास्तच आहे. मुठीत दाबलं की पाण्याची धार लागते, म्हणजे ओलावा 60 टक्क्यांच्या बराच वर असणार.

वखारीतला भुसा घालून पाहिला, पण त्याचे गोळे होतात आणि हवा खेळत नाही. माल वरखाली केला की वास तेवढ्यापुरता जातो. ताक-गुळाने काडीचा फरक नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) विकत घेणं परवडत नाही. वीज नाही आणि जागाही हीच. भाताचा तूस आणि नारळाची सोडणं (वरची तंतुमय सालं) मात्र फुकट मिळतात.

तूस लवकर कुजत नाही असं ऐकलंय. तो नुसता घालावा की भुशात मिसळून, आणि ओल्या मालाच्या किती पट? सोडणांचा तळाला थर दिला तर निचरा चार महिने टिकतो का?